मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर लावलाय आणि ओव्हरबूस्टचा कोड परत परत येतोय? स्क्रूला हात लावण्याआधी हे बघा

मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब (बूस्ट) स्क्रू फिरवून वाढवायचं छोटं यंत्र. ते लावलेल्या गाड्यांची एक ठरलेली तक्रार आपल्याकडे दिवाळीनंतर सुरू होते आणि संक्रांतीपर्यंत चालते. उन्हाळ्यात कंट्रोलर बसवला, सेट केला, पावसाळाभर गाडी झकास पळाली. परभणी-हिंगोलीकडं थंडी पडली की सकाळच्या पहिल्याच ओव्हरटेकला चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी एकदम ढेपाळते. स्कॅनरवर दिसतं पी०२३४, म्हणजे ओव्हरबूस्ट, ठरल्यापेक्षा जास्त दाब. मेकॅनिक कोड उडवतो, स्क्रू अर्धा फेरा सैल करतो आणि गाडी घरी येते. आठवडाभरात फोन, "भाऊ, पुन्हा तेच व्हायलंय." स्क्रू आणखी सैल. मार्चमध्ये गाडी ओढत नाही म्हणून तोच स्क्रू परत आवळला जातो आणि पुढच्या थंडीत दिवा पुन्हा पेटतो.

यात बिघाड सहसा स्क्रूमध्ये सापडत नाही. तो वेस्टगेटकडे (बूस्ट आवरणाऱ्या झडपेकडे) जाणाऱ्या बारीक नळीत असतो, इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) एखाद्या सैल क्लिपमध्ये असतो, किंवा कंट्रोलरच्या आतल्या सुईएवढ्या भोकात. स्क्रू फिरवून तो तेवढ्यापुरता झाकला जातो, म्हणून परत येतो.

आधी गाडी कोणती ते बघून घ्या, कारण निम्मे प्रश्न इथेच संपतात. हा कंट्रोलर चालतो तो हवेच्या दाबानं उघडणाऱ्या वेस्टगेटवर. जुनी ऑक्टाव्हिया आरएस किंवा लिनिया टी-जेट यांसारख्या गाड्या त्यात येतात. अलीकडच्या बऱ्याच छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांत वेस्टगेट विजेच्या मोटरवर चालतं. तिथे कंट्रोलर जोडायला दाबाची नळीच नसते. व्हेरिएबल जॉमेट्रीच्या डिझेल टर्बोमध्ये सगळा खेळ पात्यांच्या कोनाचा, तिथेही हा कंट्रोलर बसत नाही. ७५ अश्वशक्तीच्या स्विफ्ट डिझेलला साधा वेस्टगेटचा टर्बो आहे, त्यामुळे तिच्या मालकांना हा मोह फार होतो. पण डिझेलमध्ये नुसती हवा वाढवून ताकद वाढत नाही, डिझेलही वाढावं लागतं आणि ते ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, हातात आहे. हवा वाढवाल तर पदरात पडेल फक्त कोड. माझं स्पष्ट मत: स्विफ्टवाल्यांनी हे पैसे टायरांवर घालावेत.

आता यंत्र कसं चालतं ते थोडं नीट, कारण पुढचं सगळं निदान त्यावर उभं आहे. टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या तोंडाशी एक निप्पल असतं. तिथून दाब बारीक नळीनं वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरला जातो. ॲक्च्युएटरमध्ये पडदा आणि स्प्रिंग. दाब स्प्रिंगपेक्षा वरचढ झाला की दांडा सरकतो, वेस्टगेटची झडप उघडते, एक्झॉस्टचा काही वायू टर्बाइनला वळसा घालून निघून जातो आणि बूस्ट तिथेच थांबतो. कंट्रोलर या नळीच्या मधे बसतो. त्यात एक छर्रा आणि त्याला दाबून धरणारी स्प्रिंग. ठरलेला दाब येईपर्यंत छर्रा वाट अडवून धरतो, म्हणजे ॲक्च्युएटरला दाबाचा पत्ताच लागत नाही आणि वेस्टगेट बंद राहतं. स्क्रू आवळला की स्प्रिंग कडक होते, बूस्ट वाढतो. दुसरा प्रकार गळतीचा: त्यात नळीतला थोडा दाब मुद्दाम बाहेर सोडतात. तिथे स्क्रू उघडला की बूस्ट वाढतो, म्हणजे दिशा बरोबर उलटी. आपल्या हातात कोणता आहे हे न बघता स्क्रू फिरवणारे कमी नाहीत.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, या बारीक नळीत कुठेही गळती झाली तर बूस्ट वाढतो, कमी होत नाही. वेस्टगेटला निरोपच पोचत नाही, मग टर्बो मोकाट सुटतो. जाड नळीत, म्हणजे टर्बोपासून इंटरकूलर आणि थ्रॉटलपर्यंतच्या होजमध्ये गळती झाली, तर इंजिनपर्यंत पोचणारा बूस्ट कमी होतो. दोन नळ्यांच्या गळतीचे परिणाम उलटे आहेत, आणि घोळ इथेच सुरू होतो. दुसरी, कंट्रोलर कितीही सैल केला तरी बूस्ट ॲक्च्युएटरच्या स्प्रिंगच्या खाली जात नाही. स्क्रू पूर्ण सैल असूनही ओव्हरबूस्ट होत असेल तर तो स्क्रू फिरवण्यात अर्थ नाही.

म्हणून पहिली तपासणी: कंट्रोलर काढून बाजूला ठेवा. कॉम्प्रेसरच्या निप्पलपासून ॲक्च्युएटरपर्यंत एकच सरळ, नवी नळी लावा. गाडी गरम करा, तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून पूर्ण रेस द्या आणि मॅनिफोल्डवरच्या गेजवर बूस्ट बघा. कंपनीच्या ॲक्च्युएटरची स्प्रिंग साधारण ०.३ ते ०.७ बारच्या दरम्यान कुठेतरी असते. बूस्ट तिथे येऊन स्थिर राहिला तर टर्बो आणि वेस्टगेट ठीक, बिघाड कंट्रोलरच्या बाजूला. या तपासणीत काही गाड्या उलटा पी०२९९, म्हणजे अंडरबूस्टचा कोड टाकतात. घाबरू नका, ईसीयूला हवा होता तेवढा बूस्ट मिळाला नाही एवढाच त्याचा अर्थ.

कंट्रोलर नसतानाच आरपीएमबरोबर बूस्ट हळूहळू चढत राहिला, ४५००-५००० नंतरही थांबेना, तर तो क्रीप. वेस्टगेटची झडप पूर्ण उघडूनही वायू बाहेर टाकायला अपुरी पडते. फ्री-फ्लो एक्झॉस्ट टाकलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं, कारण पुढची वाट मोकळी झाल्यानं टर्बाइन जोरात फिरते. यावर जगातला कुठलाही कंट्रोलर इलाज करू शकत नाही. झडपेचं भोक मोठं करून घ्या किंवा जुना सायलेन्सर परत लावा.

आणि कंट्रोलर नसताना बूस्ट सरळ उधळला, तर गाडी लगेच थांबवा, पुढे ट्रायल नको. ॲक्च्युएटरचा पडदा फाटलाय, दांडा अडकलाय किंवा झडप जाम आहे. पडदा बघायला सायकलचा पायपंप पुरतो, गेज असलेला. नळी ॲक्च्युएटरच्या निप्पलला लावा, हळू दाब द्या. दांडा कोणत्या दाबाला हलायला लागतो ते नोंदवा, मग दाब धरून अर्धा मिनिट थांबा. काटा खाली आला तर पडदा गेला. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी थेट लावू नका; त्याच्या टाकीत सात-आठ बार असतात आणि चांगला पडदाही एका फुंकरीत फाटतो.

आता ज्या कारणानं ही तक्रार वर्षानुवर्षं फिरत राहते ते. इंटरकूलरच्या होजची क्लिप सैल असते किंवा होजला खालच्या बाजूनं, हात पोचत नाही तिथे, चीर पडलेली असते. गेज मॅनिफोल्डवर, म्हणजे गळतीच्या पुढे. तिथे बूस्ट कमी दिसतो, म्हणून कंट्रोलरचा स्क्रू आवळला जातो. टर्बो गळणारी हवा भरून काढायला जादा फिरतो, गेजवर हवा तो आकडा येतो आणि सगळे खूश. दोन महिन्यांनी सर्व्हिसिंगला कुणीतरी चांगुलपणानं ती क्लिप आवळतो. आता गळती नाही, पण स्क्रू गळतीच्या हिशेबानं आवळलेला. संध्याकाळी जालना रोडला गाडी लागली की पी०२३४. मालक म्हणतो सर्व्हिसिंगवाल्यानं गाडी बिघडवली, आणि बिचाऱ्यानं तर दुरुस्त केलेली असते. गळती उलट दिशेनंही खेळते: सेटिंग झाल्यावर होज फाटला की गाडी ढिली पडते, स्क्रू आवळला जातो, पुढे होज बदलला की कोड.

त्यामुळे स्क्रूला हात लावण्याआधी जाड नळीचा गळतीचा तपास झालाच पाहिजे. एअर फिल्टरच्या बाजूनं टर्बोच्या तोंडाला पीव्हीसीचं टोपण क्लिपनं बसवा, टोपणाला ट्यूबचा व्हॉल्व्ह, आणि पंपानं ०.५ ते ०.७ बार दाब भरा. एक बारच्या वर जाऊ नका. ऑइलच्या टाकीत हवा शिरू नये म्हणून क्रँककेसचा ब्रीदर होज बंद करा, आणि ऑइल फिलरचं झाकण उघडं ठेवा. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. फेस कुठे येतो ते दिसेलच. मोठी गळती तर कानानंच कळते. थोडी हवा इंजिनच्या व्हॉल्व्हमधून जाणारच, तिच्या मागे लागू नका.

आता बारीक नळी. आपल्याकडे हिची दुर्दशा बघवत नाही. वाळूजला न्यूमॅटिक्सची दुकानं हाताशी असल्यामुळे बरेच जण तिथली निळी पीयू नळी आणि पुश-फिटिंग आणून लावतात. कारखान्यात ती नळी उत्तम, पण टर्बोच्या शेजारी ती मऊ पडते. कन्नडच्या औट्रम घाटात रांगत चढलेली गाडी बॉनेट उघडून बघा, पुश-फिटिंगमधून नळी हातानं ओढली तरी निघते. सलाईनच्या नळीचा जुगाडही पाहिलाय, त्याबद्दल न बोललेलं बरं. चार मिलिमीटर आतल्या व्यासाची जाड भिंतीची सिलिकॉन नळी घ्या, दोन्ही टोकांना छोटी स्प्रिंग क्लिप लावा. केबल टाय थंडीत कडक होऊन सैल पडतो. नळी जितकी आखूड तितकी बरी. केबिनमधून स्क्रू फिरवता यावा म्हणून कंट्रोलर डॅशबोर्डखाली नेणारे लोक दोन मीटर नळी टाकतात. दाब ती भरून ॲक्च्युएटरला पोचेपर्यंत बूस्ट वर उडी मारून आलेला असतो. गेजवर क्षणभर ०.९ आणि मग ०.७ ला स्थिर, असं दिसलं तर आधी नळीची लांबी बघा. कंट्रोलर टर्बोच्या हातभर अंतरावर, पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या थेट आचेपासून लांब, बॉडीला पक्का कसलेला हवा.

त्यात उंदीर. हे हसण्यावारी नेऊ नका. शेताजवळच्या घरी रात्री उभी राहणारी गाडी असेल तर कापूस घरात यायला लागला की बॉनेटखाली उंदरांचा मुक्काम असतो आणि त्यांना बारीक रबरी नळ्या आवडतात. नळीच्या खालच्या बाजूला दातांची दोन भोकं असतात, वरून काहीच दिसत नाही. दिवाळीनंतर वाढणाऱ्या तक्रारींत थंडीइतकाच उंदरांचाही हात आहे असं मला वाटतं. तंबाखूची पानं ठेवायचा उपाय सगळे सांगतात; ठेवायचीच तर एक्झॉस्टपासून दूर ठेवा, कोरडी पानं तिथे पेटायला वेळ लागत नाही.

नळीचं टोक कुठे जोडलंय तेही बघा. दाब कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच घ्यायचा. सोय म्हणून थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या एखाद्या नळीला टी मारून घेतला तर इंटरकूलरमध्ये जेवढा दाब पडतो तेवढा टर्बो जादा काम करतो आणि गेजला ते कळत नाही. कंट्रोलरवरचा बाण ॲक्च्युएटरकडे हवा. बाण उलटा लागला तर छर्रा दाबानं उलट जास्तच घट्ट बसतो, वेस्टगेट उघडतच नाही आणि पहिल्याच ट्रायलला बूस्ट उधळतो.

छर्र्याच्या कंट्रोलरला ॲक्च्युएटरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, मिलिमीटरभराचंही नसतं. पाय काढल्यावर नळीत अडकलेला दाब तिथून बाहेर पडतो, म्हणजे वेस्टगेट परत बंद होतं. टर्बोतून येणाऱ्या हवेत ऑइलचा ओलावा असतो, बाहेरून आपली बारीक काळी धूळ. दोन्ही मिळून हे भोक बुजतं. लक्षण ओळखू येतं: पहिल्या गिअरला गाडी जोरात, गिअर बदलला की ढिली आणि चार-पाच सेकंदांनी परत जागी. छर्रा आणि त्याची बैठक यांच्यामध्ये कचरा अडकला तर उलटं, बूस्ट स्प्रिंगच्या मूळ आकड्यावरच अडकून बसतो आणि स्क्रू कितीही फिरवा, फरक पडत नाही. अशा वेळी स्क्रू पार आवळून ठेवलेला असतो आणि एका सकाळी कचरा सुटला की ओव्हरबूस्ट.

म्हणून उघडून साफ करा. आधी स्क्रू पूर्ण सैल होईपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून लिहा. मग छर्रा, स्प्रिंग आणि बॉडी ब्रेक क्लीनरनं धुवा, भोकात बारीक तार घालून मोकळं करा, कोरडं पुसून लावा. ऑइल-ग्रीस अजिबात नको. त्यावर धूळ बसते आणि थंडीत छर्रा चिकटतो. वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळा सुरू होताना, हे करणाऱ्यांचा त्रास बराच कमी होतो. त्याच दिवशी एअर फिल्टरही झटकण्याऐवजी बदला. रस्त्याचं काम चालू असलेल्या भागात फिरत असाल तर पुस्तिकेतला किलोमीटरचा आकडा विसरा.

ईसीयूचा स्वतःचा सोलेनॉइड, म्हणजे बूस्ट सांभाळणारी विजेची झडप, असलेल्या गाड्यांत आणखी एक भानगड. कंट्रोलर त्या सोलेनॉइडच्या ओळीत मागे-पुढे लावला तर एकाच वेस्टगेटला दोन मालक होतात आणि बूस्ट वर-खाली नाचतो. दोघांपैकी एकच हवेच्या वाटेत ठेवा. सोलेनॉइडच्या नळ्या काढल्या तरी त्याचा विजेचा सॉकेट जोडलेलाच असू द्या, नाहीतर सर्किट तुटल्याचा वेगळाच कोड येईल. आणि कंपनीचं सॉफ्टवेअर तसंच असेल तर मूळ कमाल बूस्टच्या वर ०.१५ बारपेक्षा जास्त जाऊ नका. त्यापुढे ईसीयू थ्रॉटल मिटवतं किंवा इंजिन नॉक करायला, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून खटखटायला लागतं. मे महिन्यात ४२ अंशांत इंटरकूलर आधीच दमलेला असतो, तेव्हा नॉकचा धोका सगळ्यात मोठा.

थंडीचं कोडं आता सुटतं. ४२ अंशांची हवा आणि १० अंशांची हवा यांच्या घनतेत साधारण ११ टक्क्यांचा फरक आहे. थंड हवा त्याच फिरकीत जास्त दाबली जाते, टर्बो लवकर भरतो, छर्रा उघडून ॲक्च्युएटर हलेपर्यंत बूस्ट पुढे निघून गेलेला असतो. मे महिन्यात कोडच्या अगदी कडेला सेट केलेली गाडी डिसेंबरच्या सकाळी कडा ओलांडणारच. सेटिंग थंडीत, सकाळी करा. उन्हाळ्यात करावंच लागलं तर ०.१ बार खाली थांबा.

आकडा वाचतानाही एक चूक सगळीकडे होते. स्कॅनर मॅनिफोल्डचा दाब निरपेक्ष दाखवतो, म्हणजे त्यात वातावरणाचा दाबही धरलेला. लोक सरसकट १०१ किलोपास्कल वजा करतात. तो आकडा मुंबईचा, समुद्रसपाटीचा. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटरवर आहे, इथे वातावरणाचा दाब ९४-९५ किलोपास्कलच असतो. नांदेड खाली असल्यानं तिथे ९७ च्या आसपास. स्कॅनरनं १९४ दाखवलं तर इथे बूस्ट ०.९९ बार झाला. १०१ वजा केले तर ०.९३ येतो आणि माणूस जवळजवळ एक पीएसआय वाढवायला निघतो. इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून दिसेल तोच आकडा वजा करा.

सगळं तपासून झाल्यावरच स्क्रू. छर्र्याचा कंट्रोलर असेल तर पूर्ण सैल करून सुरुवात, दर वेळी पाव फेरा, लॉकनट कसून ट्रायल, गेज बघायला शेजारी दुसरा माणूस. समृद्धीवर ट्रायल नको. तिथली १२० ची मर्यादा आणि तापलेले टायर दोन्ही आठवा. मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर भरपूर लोड येतो आणि वेगही आवाक्यात राहतो.

कायद्याचं एका वाक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवानगी बदलाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विम्याचा दावा अडकतो तो वेगळाच.

कोड उडवल्यावर दोन-तीन थंड सकाळी गाडी चालवून बघा, मगच काम झालं म्हणा. लॉकनट आणि स्क्रू यांच्यावर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवा. पुढे कधी कोड आला आणि रेघ जुळलेलीच दिसली, तर पाना ठेवून द्या आणि नळीपासून सुरुवात करा.